काकवी, मेथी आणि बेल्जियमची कडक बियर



शेतकी खात्यातर्फे या पानावर आपण बेणे, लागण, खोडवा, ठिबक असे विषय घेत असतो. या खेपेचा विषय जरा लांबचा आहे. युरोपात बेल्जियम नावाचा देश आहे, क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याएवढा. तिथे बियरचे शेकडो प्रकार निघतात आणि २०१६ साली युनेस्कोने तिथल्या बियर-संस्कृतीची मानवजातीच्या वारशात नोंद केली. त्यांपैकी एका प्रकाराची चव कशी घ्यावी आणि ती चव येते कुठून, हा आजचा पाठ आहे. हा प्रकार म्हणजे काळसर, कडक एल, आणि तीही दारू घालून टिकवलेल्या गोड वाईनच्या रिकाम्या पिंपात मुरवलेली.

ऊस उत्पादकांच्या अंकात याचे काय काम, असे कोणी म्हणेल. काम आहे. या पेयात बीटाची साखर पडते, ती आपल्या खडीसाखरेची सख्खी बहीण. ज्या पिंपात ते मुरते त्यांतली काही पिंपे अशा एका बेटावरची, की ज्या बेटाला प्रथम उसाने मोठे केले. आणि पेला नाकाशी नेला तर जो वास येतो, तो गुऱ्हाळाच्या काहिलीचा आणि बाळंतिणीच्या मेथीच्या लाडवाचा. म्हणजे विषय वाटतो तितका परका नाही.

माळकरी सभासदांनी पान उलटू नये. हा लेख कुणाला प्यायला लावण्यासाठी नाही. दारूपायी सातबारा गेलेली घरे आपल्या कार्यक्षेत्रात आहेत. त्या गटातल्या उसाची नोंद दुसऱ्याच्या नावावर लिहिताना माझ्या शेतकी मदतनीसाचा हात अडखळतो, हे मी पाहिले आहे. चव घेणे वेगळे आणि पिणे वेगळे. गुळव्या काकवीचा थेंब जिभेवर ठेवून काहील उतरवायची की नाही ते ठरवतो. तो काही वाटीभर काकवी पीत बसत नाही. शेवटी बियरशिवाय करायचा एक प्रयोगही दिला आहे. तो घरच्या स्वयंपाकघरात होतो.

रसाचा ब्रिक्स

प्रथम ही एल होते कशी ते बघू. बार्ली म्हणजे जव. दाण्यात साखर नसते, स्टार्च असतो. जव भिजत घालून त्याला मोड आणतात. मोड जरासा फुटला की वाळवून भट्टीत भाजतात, त्याला माल्ट म्हणतात. आपण मटकीला मोड आणतो तेच, पुढे फक्त वाळवण आणि भाजणी. मोड येताना दाण्यात काही पाचक द्रव्ये तयार होतात. भरडलेला माल्ट सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की ही द्रव्ये स्टार्चची साखर करून टाकतात. ते गोड पाणी गाळून घ्यायचे, हॉप नावाच्या वेलीची कडू फुले टाकून उकळायचे, निववायचे आणि यीस्ट सोडायचे.

आता ब्रिक्स पाहा. आपला मदतनीस फडात येऊन हँड रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकतो आणि आकडा सांगतो. पक्व उसाचा आकडा १८ ते २२ च्या घरात येतो. साध्या बियरचा गोड रस त्या मापाने ११-१२ भरतो. बेल्जियमच्या या कडक एलचा मात्र २० ते २४. म्हणजे तोडणीला आलेल्या को ८६०३२ चा रस आणि हा रस गोडीला जवळजवळ सारखेच. तिथून पुढे रस्ते फुटतात. आपण त्या रसातली साखर दाणा करून बाहेर काढतो, ते ती यीस्टला खाऊ घालतात.

यीस्ट आपल्याला नवीन नाही. कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी पाण्यात पातळ करून जे आंबवतात, तेही याच कुळातले यीस्ट. आता बी-हेवी मळीपासून आणि थेट रसापासूनही इथेनॉल होते, पण काम करणारा गडी तोच. फरक अपेक्षेत आहे. डिस्टिलरीला फक्त अल्कोहोल हवे असते. ३०-३२ अंशांवर दीड-दोन दिवसांत काम उरकायचे आणि पुढे ऊर्ध्वपातनात बाकीचे वास मागे टाकायचे. बेल्जियमच्या एलवाल्याला ते वासच हवे असतात. यीस्ट अल्कोहोलबरोबर थोडी सुगंधी द्रव्ये तयार करते. कुठे पिकल्या केळ्याचा वास, कुठे लवंगेचा. तो यीस्टला १८-२० अंशांवर सुरुवात करून देतो आणि मग उष्णता हळूहळू २५ च्या आसपास चढू देतो, म्हणजे हे वास नेमके हवे तितके येतात. पुढे कित्येक आठवडे थंडाव्यात मुरवत ठेवतो. त्यामुळे या एलमध्ये लवंग आणि फळांचा वास असतो. आपण घातले म्हणून नव्हे, यीस्टने केले म्हणून.

खडीसाखर कुठे गेली

बेल्जियमच्या कडक एलमध्ये माल्टच्या रसाशिवाय वरून साखर घालतात, एकूण आंबणाऱ्या साखरेच्या साधारण दहा ते वीस टक्के. या साखरेला तिकडे कांदी म्हणतात. शब्द ऐकल्यासारखा वाटतो ना? संस्कृत खंड, त्यावरून फारशी कंद, अरबी कंदी आणि पुढे युरोपात कांदी. आपली खांड आणि खडीसाखर त्याच घरातली. करण्याची रीतही तीच: दाट पाक करायचा, भांड्यात दोरे ताणायचे, सावकाश निवू द्यायचे आणि दोऱ्यांवर खडे धरू द्यायचे. खडे काढून घेतल्यावर मागे जो गडद पाक राहतो, तोही एलवाले विकत घेतात. त्या पाकानेच काळसर एलला तांबूस-काळा रंग आणि जळक्या साखरेचा वास येतो. दाणा काढल्यावर राहिलेल्या रसाला आपण मळी म्हणून टाकीत सोडतो, आणि ते त्याची बाटली भरून पेयाला घालतात. दोन्ही अगदी एक नव्हेत, पण नाते जवळचे आहे.

ही साखर उसाची नाही, बीटाची. १७४७ साली बर्लिनच्या मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने बीटातली साखर आणि उसातली साखर एकच असल्याचे दाखवले. त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१ मध्ये बीटाच्या साखरेचा पहिला कारखाना काढला. पुढे नेपोलियनच्या लढायांत इंग्रजांनी समुद्र अडवला, वेस्ट इंडीजची उसाची साखर युरोपात येईना, तेव्हा १८११ साली नेपोलियनने हुकूम काढून बीट लावायला लावले. आजचा बेल्जियम त्या वेळी फ्रान्सच्या ताब्यात होता. तिथल्या तिनेन गावचा साखर कारखाना १८३६ पासूनचा. उसाच्या साखरेचा भाव पाडणारा हा प्रतिस्पर्धी असा लढाईतून उभा राहिला. साखरेच्या खड्याला मात्र त्याचा जन्म उसात झाला की कंदात, हे ठाऊक नसते.

साखर वरून घातली म्हणजे बियर गोड होत असेल, असा आपला समज होईल. उलट होते. माल्टच्या रसातली सगळी साखर यीस्टला पचत नाही. लांब साखळीच्या काही साखरा तशाच राहतात आणि पेय दाट, जड लागते. वरून घातलेली साखर मात्र यीस्ट पार फडशा पाडून खाते. १०० किलो साखरेपासून कागदावरच्या हिशेबाने ६८ लिटरच्या आसपास अल्कोहोल निघते, प्रत्यक्षात थोडे कमी. म्हणजे साखर घातल्याने अल्कोहोल वाढते, पण पेय हलके आणि कोरडे होते. वेस्टमाले या मठाची १९३४ सालापासूनची फिकट ट्रिपल एल ९.५ टक्क्यांची आहे. तिच्यात खडीसाखर असूनही ती गोडमिट्ट लागत नाही, ती याच कारणाने.

जाता जाता एक गोष्ट. यीस्टला उसाची किंवा बीटाची साखर अख्खी गिळता येत नाही. ते आधी एक द्रव्य बाहेर सोडून साखरेचे दोन तुकडे करते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. यालाच साखर उलटणे म्हणतात. पेयवाल्याच्या पिंपात ती उलटली तर फायदा. आपल्या गव्हाणीपर्यंत पोचायच्या आधी तुटलेल्या उसात ती उलटली तर तोटा, कारण उलटलेल्या साखरेचा दाणा धरत नाही, ती मळीत जाते. मार्च-एप्रिलच्या उन्हात तोडलेला ऊस फडात दोन दिवस पडला, तर हेच काम उसातली द्रव्ये आणि जंतू आपल्याला न विचारता करून टाकतात. वजनही घटते, उताराही.

मठ, कायदा आणि कडकपणा

ही कडक एल मठांशी जोडलेली आहे. ट्रॅपिस्ट पंथाचे ख्रिस्ती साधू स्वतः राबून पोट भरतात. कोणी चीज करतात, कोणी बियर. वेस्टमाले, शिमे, रोशफोर, वेस्टव्लेटेरेन, ओर्व्हाल ही त्यांची गावे. रोशफोरची सर्वांत कडक बियर ११.३ टक्के अल्कोहोलची आहे. मठांचे बघून बाहेरच्या कारखानदारांनीही तसल्या एल काढल्या. १९१९ साली बेल्जियममध्ये कायदा झाला की हॉटेल-खानावळीत उकडून काढलेली कडक दारू विकायची नाही. मजुरांची घरे दारूने बुडत होती, म्हणून व्हँडरव्हेल्डे या मंत्र्याने तो आणला. गिऱ्हाईक कडक बियरकडे वळले, असे तिथले जाणकार मानतात. बंदीने पिणे किती कमी झाले आणि बाटली किती बदलली, हा प्रश्न आपल्याही राज्याला जुना आहे. त्यात मी शिरत नाही.

अशा काळसर आणि सर्वांत कडक एलला पुष्कळ ठिकाणी क्वाड्रुपल, म्हणजे चौपट, असे नाव आहे. ते नाव प्रथम १९९१ साली शेजारच्या हॉलंडमधल्या ला ट्रॅप ही बियर करणाऱ्या मठाने वापरले आणि पुढे सर्वांचे झाले. चौपट म्हणजे चारपट अल्कोहोल असे नव्हे. ते नुसते चढत्या क्रमाचे नाव आहे.

पिंप आणि बेट

आता पिंपाकडे येऊ. द्राक्षाची वाईन साधारण १२-१४ टक्के अल्कोहोलची असते. जुन्या काळी ती जहाजात नासे. म्हणून तिच्यात उकडून काढलेली दारू मिसळत. १८-२० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल झाले की यीस्ट मरते आणि बहुतेक जंतूंचेही काही चालत नाही. पोर्तुगालच्या डुओरो खोऱ्यातली पोर्ट अशीच करतात. रस अर्धा आंबला की त्यात ७७ टक्क्यांची द्राक्षाची दारू घालायची, साधारण चार भागांना एक भाग. यीस्ट तिथेच थांबते आणि न आंबलेली साखर वाईनमध्ये राहते. म्हणून पोर्ट गोड. स्पेनची शेरी बहुधा पूर्ण आंबल्यावर दारू घालून करतात. तिच्यातला एक प्रकार मात्र चटईवर उन्हात वाळवलेल्या द्राक्षांचा, काकवीसारखा दाट आणि काळा.

तिसरी वाईन मदेराची, आणि तिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे. मदेरा हे अटलांटिक महासागरातले पोर्तुगालचे बेट. नावाचा अर्थच लाकूड, इतके दाट रान तिथे होते. १४२० च्या सुमारास पोर्तुगीज तिथे वस्तीला गेले आणि थोड्याच दशकांत त्यांनी उसाची लागवड केली. १५०० च्या आगेमागे हे एवढेसे बेट युरोपला साखर पुरवणारे मोठे ठिकाण झाले होते. कोलंबस अमेरिकेचा शोध लावण्यापूर्वी, १४७८ साली, तिथे आला होता तो साखर खरेदीसाठी. फुंशाल या राजधानीच्या नगरचिन्हावर आजही पाच साखरेच्या ढेपा आहेत, आपल्या गुळाच्या ढेपेसारख्याच, फक्त निमुळत्या. आणि ही साखर जायची कुठे? बऱ्याच अंशी आजच्या बेल्जियमच्या भागात, ब्रुज आणि अँटवर्पच्या बाजारपेठेत. बदल्यात बेटावरच्या व्यापाऱ्यांनी तिथल्या नामांकित चित्रकारांची धार्मिक चित्रे आणली. ती आज फुंशालच्या संग्रहालयात आहेत. उसाच्या पैशाने घेतलेली चित्रे! त्या उसाच्या फडात राबणाऱ्यांत गुलाम होते, हेही त्याच हिशेबातले.

मग ते वैभव गेले. चुलवाणाला लाकूड लागत होते आणि रान संपत आले. तेवढ्यात ब्राझीलची स्वस्त साखर आली. बेट द्राक्षाकडे वळले. तिथली वाईन टिकावी म्हणून तिच्यात दारू घालू लागले, आणि सुरुवातीला ती दारू उसाचीच असे. ही पिंपे जहाजातून पूर्वेकडे, आपल्या बाजूला यायची आणि कधी न विकली गेलेली परत जायची. परत गेलेली वाईन उष्ण कटिबंधातले ऊन खाऊन, विषुववृत्त ओलांडून बिघडायच्या ऐवजी अधिक चांगली झाल्याचे दिसले. तेव्हापासून मदेराची वाईन मुद्दाम तापवतात. स्वस्त प्रकार टाकीत ४५ ते ५० अंशांवर निदान तीन महिने, आणि चांगला प्रकार पिंपात घालून गरम माळ्यावर वर्षानुवर्षे. जगातल्या बाकी वाईनवाल्यांना उन्हाची आणि हवेची भीती. हा मात्र तेच खाऊन वाढतो. बेटावर थोडा ऊस आजही आहे. त्याची रम निघते, आणि काकवीही; त्या काकवीचा केक तिथे नाताळात घरोघर असतो.

मदेराचे, पोर्टचे अगर शेरीचे पिंप रिकामे झाले म्हणजे खरे रिकामे होत नाही. ओकच्या फळ्या काही मिलिमीटर खोलीपर्यंत वाईन पिऊन बसलेल्या असतात. मोठ्या पिंपाच्या लाकडात काही लिटर वाईन मुरलेली राहते. त्यात कडक एल भरून काही महिने ते वर्षभर ठेवली की तीन गोष्टी घडतात. लाकडातली वाईन एलमध्ये उतरते. ओकमधून व्हॅनिलासारखा वास आणि हिरड्यासारखा किंचित तुरटपणा येतो. आणि फळ्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा अगदी सावकाश आत येते. साध्या बियरला हवा लागली तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, ती टाकून द्यावी लागते. या दाट, कडक एलला थोडी हवा मानवते, बेदाणे-खजुराचे वास वर येतात. हवा जास्त झाली किंवा पिंप नीट धुतलेले नसले तर मात्र शिरका. पेयवाल्यासाठी ते पिंप बाद. म्हणून यांतली बरीच पिंपे एकमेकांत मिसळून, चाखून, काही फेकून मगच बाटली भरतात. बाटलीची किंमत चढी असते त्याचे कारण हेच, आणि थोडे कारण नावही. पिंपाचे नाव मोठ्या अक्षरात आणि एलचे लहान अक्षरात, असे लेबल दिसले की मी तरी सावध होतो. शेरीची पुष्कळ पिंपे आता मुख्यतः व्हिस्कीवाल्यांना विकण्यासाठीच शेरीने एक-दोन वर्षे भिजवून तयार करतात. तीस वर्षे शेरी मुरलेले जुने पिंप आणि हे पिंप एक नव्हे.

नाक, जीभ आणि मेथी

आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका सभासदाचा मुलगा नोकरीनिमित्त तिकडे असतो. त्याने मदेराच्या पिंपात मुरवलेली अशी एक बाटली आणून दिली. कारखानदाराचे नाव देत नाही, जाहिरात करायची नाही. परवाने असलेले आम्ही तिघे बसलो: चीफ केमिस्टसाहेब, डिस्टिलरीचे इन्चार्ज आणि मी. काय पाहायचे ते आधी वाचून ठेवले होते.

पहिली गोष्ट, बर्फासारखी गार करू नये. आपल्याकडे बियर म्हटली की ती दातांना झोंबली पाहिजे. गारठ्यात वास कोंडून राहतात. १२ ते १४ अंश पुरे, म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळच्या माठातले पाणी. पेला पोटाशी रुंद आणि तोंडाशी किंचित आवळलेला, म्हणजे वास आत साठतो. सावकाश ओतायचे, तळाला यीस्टचा गाळ असतो तो बाटलीतच ठेवायचा. फेस साध्या बियरपेक्षा कमी आणि लवकर बसणारा. रंग पाहायचा तो पेला उजेडाकडे धरून: समोरून काळा, कडेला तांबूस, अगदी चांगल्या काकवीसारखा.

मग वास. पेला गोल फिरवून एकदाच लहान हुंगायचे, भाता फुंकल्यासारखे नव्हे. पहिल्या झटक्यात अल्कोहोल येते, ते जाऊ द्यायचे. दुसऱ्या वेळी मला बेदाणे आणि खजूर आले, मागे लवंग. केमिस्टसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अहो, ही तर आमच्या आईच्या डब्यातली मेथी." इन्चार्ज म्हणाले, "आमच्या वॉशला असला वास आला तर मी पाळीवाल्याला बोलावून घेतो." हसलो, पण मेथीचा शब्द बरोबर लागला होता. त्यानंतर दुसरे काही सुचेना, मेथी आणि भाजलेला अक्रोडच येत राहिला.

याला शास्त्रीय आधार आहे. सोटोलोन नावाचे एक द्रव्य मेथीच्या दाण्यात असते. मेथीचे लाडू खाल्ले की घामालाही जो वास येतो तो त्याचाच. जुन्या मदेरात आणि काही शेरीत हेच द्रव्य तयार होते, साखर, उष्णता, हवा आणि काळ यांच्या संयोगाने. आणि उसाच्या कच्च्या, न शुद्ध केलेल्या साखरेतही ते सापडते. तिचा तो खमंग वास येतो त्यात याचा वाटा आहे. नाकाला हे इतके तीव्र की लिटरमध्ये ग्रॅमच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास असले तरी वाईन चाखणाऱ्याला कळते. आपण पांढरी शुभ्र साखर काढतो तेव्हा हा वास धुऊन टाकतो; ग्राहकाला तशीच हवी म्हणून. गुळात आणि काकवीत त्या वासाच्या कुळातले बरेच काही शिल्लक राहते. मदेराच्या पिंपवाल्याला तोच वास विकता येतो आणि चढ्या दराने विकता येतो, हे मला त्या दिवशी नाकाने पटले.

चवीला घोट लहान, चमचाभर. तोंडात फिरवून जिभेच्या सर्व बाजूंना लावायचा, क्षणभर थांबायचे, तोंडातून किंचित हवा आत ओढायची. सुरुवातीला गोडी जाणवते, पण ती वासाची गोडी असते. नाक खजूर सांगते आणि जिभेला साखर असल्याचा भास होतो. नाक चिमटीत धरून दुसरा घोट घेतला तर गोडी बरीच कमी होते. हे आम्ही तिघांनी करून पाहिले. शेवटी राहतो किंचित आंबटपणा, ओकचा तुरटपणा आणि छातीत उतरणारी ऊब. शिरक्याचा झोंबरा वास किंवा नखाचा रंग पुसायच्या औषधासारखा वास आला असता तर पिंप बिघडले समजायचे. तसे नव्हते. माझे वैयक्तिक मत विचाराल तर ओक थोडा जास्त झाला होता. शेवटचा तुरटपणा जिभेवरून लवकर हलेना. इन्चार्जना तोच आवडला.

चाखणारे लोक घोट तोंडात फिरवून थुंकतात, म्हणून दिवसात वीस नमुने पाहूनही शुद्धीवर असतात. ज्यांना थुंकणे जमत नाही त्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा: ११ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या लहानशा बाटलीत शुद्ध अल्कोहोल ३६ मिलिलिटर असते. ५ टक्के बियरच्या ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत ते ३२-३३ असते. लहान बाटली बघून फसू नये आणि त्यानंतर मोटारसायकलला किक मारू नये.

घरी करण्याचा प्रयोग

पाच वाट्या घ्या. पहिलीत दोन चमचे काकवी. दुसरीत मेथीदाणे कोरडे भाजून, जाडसर कुटून, कोमट पाण्यात. मेथी लालसर होईपर्यंतच भाजावी, काळी झाली की नुसता कडूपणा येतो. तिसरीत खजूर आणि बेदाणे गरम पाण्यात भिजवून कुस्करलेले. चौथीत भाजलेला अक्रोड किंवा शेंगदाणा आणि एक लवंग. प्रत्येक वाटीवर दहा मिनिटे ताटली झाकून ठेवा. ताटली उचलून एक-एक हुंगा. मग चारही वाट्या जवळ ठेवून डोळे मिटून एकदम हुंगा. मदेराच्या पिंपातल्या एलचा वास याच्या बराच जवळ जातो, एक थेंब न पिता.

पाचवी वाटी निराळी आहे. एकाच फडातल्या दोन उसांचा रस काढा, एक आज तोडलेला, दुसरा तीन दिवस उन्हात पडलेला. आधी आजचा हुंगा, मग शिळा. शिळ्या रसाला गोडीआडून आंबूस, बुळबुळीत वास येईल. रिफ्रॅक्टोमीटर इथे दगा देतो, कारण ऊस वाळल्यामुळे शिळ्या रसाचा ब्रिक्स कधी जास्तसुद्धा दाखवतो. नाक मात्र दगा देत नाही.

ज्या गटातल्या सभासदांना हा प्रयोग एकत्र करायचा असेल त्यांनी गट कार्यालयात सांगावे, वाट्या आणि रिफ्रॅक्टोमीटर आम्ही घेऊन येऊ. काकवी मात्र ज्याने त्याने आपल्या घरची आणावी, म्हणजे कुणाची कशी ते एकदा सर्वांसमक्ष हुंगता येईल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग